नळीवरचा कलश

मोहदरी, ता. पुसद
२४ नोव्हेंबर १९६३

चि. हंसास,

मामाचा आणि मथुरामामीचा आशीर्वाद. तू कापसाच्या प्रेसिंग कारखान्यात बॉयलरच्या खात्यात कायम झालीस असं तुझ्या आईकडून कळलं. आपल्या घराण्यात बॉयलरच्या पोटात डोकावणारी तू पहिलीच. तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाला न सांगता तुलाच सांगतो.

आमच्या मोहदरी तलाव मंडळानं बोट घेतली आहे. डोंगा नव्हे, बोट. मुंबईच्या गोदीत लिलावात मिळाली. वर लहानशी केबिन आहे, तिला दार आहे, काचेच्या खिडक्या आहेत. ट्रकवरून येताना दिग्रसच्या लोकांनी तिला रथ समजून नारळ फोडले. मी ट्रकवरच होतो, मी त्यांना अडवलं नाही.

उद्घाटन १२ जानेवारीला सकाळी, सहकारी संघाच्या अध्यक्षसाहेबांच्या हस्ते. तलावाचा बांध दुरुस्त करायचा तर संघाचं अनुदान लागतं आणि अनुदान अध्यक्षसाहेबांच्या मनावर आहे. साहेब मागच्या हिवाळ्यात दिल्लीला जाऊन आले, तेव्हापासून त्यांना थंडी वाजते. त्याआधी वाजत नव्हती. म्हणून केबिनमध्ये हीटर पाहिजे असं ठरलं.

कोणता पाहिजे यावर मंडळात तीन बैठका झाल्या. खेमसिंग नाईक म्हणतात, साधी शेगडी ठेवा. कोषाध्यक्ष म्हणतात विजेचा हीटर, तार काठावरून सोडायची आणि बोट पुढे जाईल तशी ढील देत जायचं. एकानं तर बंब सुचवला. माझं मत इतकंच की वस्तू पाहताच हा हीटर आहे असं माणसाला कळलं पाहिजे. तू नक्की काय ते कळव. तुझं पत्र बैठकीत वाचून दाखवीन.

तुझा मामा,
सदाशिवराव
(चिटणीस, मो. त. मंडळ)


यवतमाळ
२८ नोव्हेंबर १९६३

तीर्थरूप मामांना,

हंसाचा नमस्कार. पत्र मिळालं. मी कायम झालेले नाही, माझी मुदत सहा महिन्यांनी वाढली आहे. आईला दोन्ही सारखंच वाटतं.

विजेचा हीटर नको. तार पाण्यात पडली तर उद्घाटनाला जमलेल्यांपैकी कोण कोण उरेल हे मला सांगता येणार नाही. बाकीचं सांगण्याआधी मला काही माहिती हवी आहे. केबिनची लांबी, रुंदी आणि उंची. खिडक्या उघडतात की पक्क्या बसवलेल्या आहेत. दाराखाली फट आहे का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दार लावून आत कोण बसणार, किती वेळ, आणि रात्री आत कोणी झोपतं का.

उद्घाटनाचा तास हा हीटरच्या आयुष्यातला फार थोडा वेळ आहे. मला उरलेल्या वेळाबद्दल विचारायचं आहे.

मामीला नमस्कार.

हंसा


मोहदरी
५ डिसेंबर १९६३

चि. हंसास आशीर्वाद.

तुझं पत्र बैठकीत वाचलं. 'कोण कोण उरेल' हे वाक्य दोनदा वाचावं लागलं. कोषाध्यक्षांनी आपली सूचना मागे घेतली.

मापं अशी. लांबी नऊ फूट, रुंदी सहा. उंचीचं म्हणशील तर नेमसिंगला वाकावं लागतं, अध्यक्षसाहेब ताठ उभे राहतील. खिडक्या पक्क्या आहेत, चौकटीला बारीक फटी आहेत. दार घट्ट बसतं.

रात्री केबिनमध्ये कोणीही नसतं. फक्त नेमसिंग असतो.

हा नेमसिंग तांड्यावरचा. आम्ही त्याला बोटीवर नावाडी आणि राखणदार असं दोन्ही नेमलं आहे. त्यानं आधी बोट पाहिली नव्हती, पण त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत देशभर फिरत. घराण्यात वाहतुकीचा अनुभव आहे, म्हणून खेमसिंग नाईकांनी त्याचं नाव सुचवलं आणि ते एकमतानं मंजूर झालं. मागे बोटीची पितळी तोटी चोरीला गेली. त्यानंतर ठराव झाला की राखणदारानं रात्री आतून कडी लावून केबिनमध्येच झोपावं. आत साहेबांसाठी मखमली गादी आहे. तलावावर दव फार, गादी दमट होते. तेव्हा हीटर रात्रभर पेटता ठेवला तर गादीही कोरडी राहील. एका हीटरमध्ये दोन कामं.

नेमसिंगला विचारलं होतं. तो म्हणाला, 'मले कायले हीटर? घोंगडी हाय न.' पण प्रश्न त्याचा नाहीच.

पुसदचा जफर मिस्त्री पत्र्याचं काम उत्तम करतो. तू सांगशील ते तो बनवून देईल.

मामा


यवतमाळ
९ डिसेंबर १९६३

तीर्थरूप मामांना,

नमस्कार. माझी निवड खाली लिहिते आहे. ती बैठकीत पूर्ण वाचावी, आणि जफर मिस्त्रींना तर नक्कीच.

उघडी शेगडी केबिनमध्ये कधीही ठेवू नये. कोळसा जळताना एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना झोंबत नाही. बंद जागेत तो साठला की माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, मग छान झोप लागते, आणि ती झोप संपत नाही. निखारे लाल आहेत आणि धूर दिसत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. रॉकेलच्या स्टोव्हलाही हेच लागू.

म्हणून जाड पत्र्याची लहान बंद भट्टी करावी. कोळसा आत, झाकण पक्कं, समोर हवा घ्यायला बारीक जाळी. तिच्यातून एक नळी छपराबाहेर हातभर वर न्यावी. नळीच्या तोंडावर पावसासाठी पत्र्याची टोपी बसवावी, पण ती नळीपासून चार बोटं वर, पायांवर उभी राहील अशी. मधली जागा मोकळी पाहिजे, कारण तो वायू तिथूनच बाहेर जाणार. दाराच्या खालच्या भागात बाहेरची हवा आत येण्यासाठी भोक पाडावं. नळीचं तोंड आणि हे भोक कोणत्याही कारणानं बंद करायचं नाही. एवढं पाळलं तर रात्री आत झोपायला हरकत नाही.

अध्यक्षसाहेबांबद्दल. उद्घाटनाच्या तासाभरासाठी त्यांना हीटर लागणार नाही. एक माणूस बसल्या जागी साधारण शंभराच्या दिव्याइतकी उष्णता देतो. मंडळाचे पाच सभासद साहेबांबरोबर आत बसले तर केबिन आपोआप उबदार होईल, आणि यात खर्च नाही.

हंसा


मोहदरी
२० जानेवारी १९६४

चि. हंसास अनेक आशीर्वाद.

तुझा हीटर गाजला! जफरनं तू लिहिलंस तसाच बनवला. तुझं पत्र त्यानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि प्रत्येक वेळी 'बराबर' म्हणाला.

पाच सभासद आत बसवण्याची तुझी सूचना मात्र मान्य झाली नाही. कोणते पाच यावर दोन बैठका मोडल्या. शिवाय साहेबांच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसणं बरं दिसत नाही. तेव्हा साहेब आत एकटे बसले आणि आम्ही बाहेर वाऱ्यात उभे राहिलो. साहेबांना आत थंडी वाजली. कारण हीटर पेटवला नव्हता.

तो पेटवला नव्हता त्याचं कारण सांगतो. आदल्या दिवशी तालीम केली. नेमसिंगनं पेटवायला बाभळीच्या काटक्या घातल्या आणि नळीतून काजळी उडून कोषाध्यक्षांच्या पांढऱ्या टोपीवर बसली. उद्घाटनाला चाळीस टोप्या येणार होत्या. म्हणून भट्टीत पतंगाचा लाल कागद लावून मागे बॅटरी ठेवली. फोटोत हुबेहूब निखारे दिसतात. साहेब कुडकुडत म्हणाले, 'वा, ऊब चांगली आहे.' अनुदानाचं पाहतो म्हणाले.

आणखी एक सांगायचं म्हणजे, पूजा सांगायला आलेले गुरुजी म्हणाले की वास्तूला कलश नसला तर ती पुरी होत नाही. सगळ्यांना पटलं. पण केबिनचं छप्पर सपाट, कलश बसवणार कुठं? शेवटी सगळ्यांची नजर नळीवर गेली. जफरची टोपी उतरवून तिथं तांब्याचा कलश बसवला, वर नारळ. इतका नेमका बसला की जणू नळी त्याच्यासाठीच केली होती. लांबून देवळासारखं दिसतं. फोटो पाठवीन.

त्या दिवसापासून काजळीचा त्रासही गेला. नेमसिंग रोज रात्री गादीसाठी हीटर पेटवतो, पण बाहेर धुराची रेघ दिसत नाही. तुझी निवड किती चोख याचा आणखी काय पुरावा हवा?

नेमसिंग मात्र आळसावला आहे. सकाळी डोकं दुखतं म्हणतो, उलटी होते, नऊ वाजले तरी उठत नाही. वैद्यांनी पित्त सांगितलं. त्याची बायको रुपीबाई म्हणते नजर लागली. सुखाची झोप मिळाली की माणूस असा होतो.

मामा


यवतमाळ
२२ जानेवारी १९६४

तीर्थरूप मामांना,

'हीटर विझवा, कलश काढा, नेमसिंगला बाहेर झोपवा' अशी तार मी आत्ताच केली आहे. हे पत्र पोचेल त्याआधी तिची अंमलबजावणी झाली असेल असं धरते. झाली नसेल तर पत्र बाजूला ठेवून आधी तलावावर जावं.

बाहेर धूर दिसत नाही, कारण तो बाहेर येत नाही. तो आत आहे. नेमसिंगला पित्त नाही आणि नजर लागलेली नाही. ९ डिसेंबरच्या पत्रात मी ज्या क्रमानं लिहिलं होतं, त्याच क्रमानं त्याला होत आहे. डोकं, मळमळ, झोप. पुढचं मी तेव्हाच लिहिलं आहे. खिडक्यांच्या फटींतून थोडी हवा येते आणि दाराला भोक आहे म्हणून तो अजून जिवंत आहे, एवढंच.

हंसा


मोहदरी
२५ जानेवारी १९६४

चि. हंसास आशीर्वाद.

तुझी तार आली तेव्हा मामी घाबरून पाटावर बसली. तिला वाटलं, कोणी गेलं. अशी तार करत जाऊ नकोस.

तरी मी त्याच दिवशी मंडळ बोलावलं. नेमसिंगला दोन रात्री काठावर झोपवलं. त्याचं डोकं थांबलं हे खरं. पण हीटर विझल्यानं गादीला बुरशी धरली, आणि कोषाध्यक्षांनी विचारलं की साहेबांनी उद्या अचानक गादी मागितली तर काय दाखवायचं. तेव्हा नेमसिंगला पुन्हा आत पाठवलं. नाही म्हणाला तर दुसरा माणूस बघू असंही त्याला सांगितलं आहे.

कलशाचं अवघड आहे. गुरुजी म्हणतात, विधीनं बसवलेला कलश असा मधेच उतरवला तर मंडळावर अरिष्ट येईल. जफरला बोलावलं. त्याला म्हटलं, तू नळी केलीस, तूच काहीतरी कर. तो हात जोडून म्हणाला, 'नळी माही हाय, कलश तुमचा हाय. नळीचं काय बी सांगा, कलशाले मी हात लावून नाही राह्यलो.' त्याचंही बरोबर आहे. त्यानं हात लावला असता तर पुसदात वेगळंच काही झालं असतं.

काल रुपीबाई घरी आली होती. अंगणात उभी राहून म्हणाली, 'मालक, तुमची गादी तुम्ही उन्हात वाळवता. माह्या माणसाले बी एक दिवस उन्हात ठेवा न.' तेव्हापासून मामी माझ्याशी फारशी बोलत नाही.

पण मंडळ नेमसिंगला विसरलेलं नाही. खिडकीच्या फटींतून वारा येतो म्हणून त्याचं डोकं दुखत असावं असं मत पडलं. तेव्हा सोमवारी सगळ्या फटी आणि दाराचं भोक राळ लावून पक्कं बंद करायचं ठरलं आहे. त्याच्याच भल्यासाठी. कलशाबाबत त्रिसदस्य उपसमिती नेमली आहे, ती होळीपर्यंत अहवाल देईल.

मामा


यवतमाळ
२७ जानेवारी १९६४

तीर्थरूप मामांना,

हे पत्र मी पोस्टात न टाकता आजच्या एस. टी.च्या ड्रायव्हरबरोबर पाठवत आहे. त्याला ते तुमच्याच हातात द्यायला सांगितलं आहे. मी रजा मागितली आहे. ती मिळो न मिळो, परवाच्या पहिल्या गाडीनं येते.

नेमसिंगबद्दल मला जे माहीत होतं ते मी तीनदा लिहिलं. त्याचा उपयोग झालेला दिसत नाही. म्हणून तीच गोष्ट आता दुसऱ्या तऱ्हेनं मांडते.

समजा, अध्यक्षसाहेब एका रात्री त्या केबिनमध्ये मुक्कामाला राहिले. गादी कोरडी आहे, हीटर पेटलेला आहे, नळीवर कलश आहे, फटी बुजवलेल्या आहेत. साहेब आतून कडी लावून झोपतील. सकाळी मंडळ हार घेऊन काठावर उभं राहील. साहेब दार उघडणार नाहीत. दार फोडावं लागेल. आत साहेबांचा चेहरा गुलाबी आणि अगदी ताजा दिसेल, या वायूचं तसंच असतं. त्यानंतर पोलीस पहिल्यांदा चिटणिसांना विचारतील की नळी कोणी बंद केली, आणि तिचं तोंड बंद करू नये असं लेखी कळवलेलं असताना का केली.

ही तिखटमीठ लावलेली गोष्ट नाही. बॉयलरच्या खात्यात रोज हेच शिकवतात.

हंसा


मोहदरी
२८ जानेवारी १९६४

चि. हंसास अनेक, अनेक आशीर्वाद.

त्याच ड्रायव्हरबरोबर उलट पाठवतो. तुला यायची गरज नाही. सगळं झालं.

तू मोठी धूर्त आहेस. सरळ नाही लिहिलंस, पण मी काय ओळखणार नाही? तुमच्या कारखान्यात संघाचा कापूस येतो, संघाची माणसं येतात, बातमी आधी तुमच्याकडे पोचणारच. 'साहेब एका रात्री मुक्कामाला राहिले' हे वाचलं आणि मी समजलो. बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा कोषाध्यक्ष उभेच राहिले.

त्यानंतर काय झालं ते ऐक. राळेचं डबडं तलावात गेलं. उपसमिती बरखास्त झाली. गुरुजींना घरून आणलं. ते आधी होळीपर्यंत मुहूर्तच नाही म्हणत होते. साहेब मुक्कामाला येणार असं सांगितल्यावर त्यांनी पंचांग पुन्हा पाहिलं आणि दुपारचाच मुहूर्त निघाला. कलश वाजतगाजत उतरवून बोटीच्या नाकावर बसवला. तिथं तो जास्त शोभतो, हे सगळ्यांना आधीच वाटत होतं असं आता सगळे म्हणतात. जफरनं नळी साफ करून आपली टोपी परत बसवली. चार बोटांची जागा कोषाध्यक्षांनी स्वतः बोटं घालून मोजली. जफर त्यांना म्हणाला, 'साहेब, आता बाईले सांगा का तिचं बराबर व्हतं.' मी सांगतो आहे.

साहेबांच्या जिवाचा प्रश्न, म्हणून नुसतं पाहून भागणार नाही असं ठरलं. नेमसिंगनं रोज रात्री हीटर पेटवून आत झोपायचं आणि सकाळी मंडळाच्या एका सभासदानं तिथं जाऊन त्याची तब्येत विचारायची. काल रात्री तो झोपला. आज मी स्वतः गेलो होतो. डोकं दुखत नाही, उलटी नाही, आणि मी पोचलो तेव्हा तो बोट धूत होता. त्याला म्हटलं, काय नेमसिंग, कसं वाटतं? म्हणाला, 'चांगलं वाटते मालक. पण तुम्ही काहून इचारून राह्यले? आजवर तं कोणी इचारलं नाही.' त्याला काय सांगणार, मोठ्या माणसांच्या गोष्टी.

रुपीबाईनं मामीला ताजी अंबाडीची भाजी आणून दिली. मामी बोलू लागली आहे.

आता एकच. साहेब नेमके कोणत्या तारखेला येणार? ते कळव म्हणजे स्वागताची कमान उभी करता येईल.

मामा


यवतमाळ
१ फेब्रुवारी १९६४

तीर्थरूप मामांना,

नमस्कार. पत्र मिळालं. मी रजा परत केली.

साहेब मुक्कामाला येणार असं मी लिहिलं नव्हतं. माझ्या पत्रातलं वाक्य 'समजा' या शब्दापासून सुरू होतं. पण ते येणार नाहीत असंही मी लिहू शकत नाही, कारण ते मला माहीत नाही. मोठी माणसं कधी येतील आणि कधी येणार नाहीत हे त्यांना स्वतःलाही आधी ठाऊक नसतं. तेव्हा तारीख कळवता येत नाही. कमान उभी करू नये.

इतकंच म्हणेन की थंडी सरेपर्यंत ते कोणत्याही रात्री येऊ शकतात असं धरून चालावं. नळीचं तोंड, दाराचं भोक आणि टोपीखालची जागा रोज पाहावी. पुढच्या हिवाळ्यात साहेब अध्यक्ष नसले, तर त्यांच्या जागी जे असतील ते येतील असं धरावं.

नेमसिंगला रोज सकाळी विचारण्याची पद्धत उत्तम आहे. ती बंद करू नये. आणि तो उठला की मला एक कार्ड टाकत जावं. साहेबांसाठी.

हंसा